नोटिफिकेशन उशिरा येतं तेव्हा ते नेमकं कुठे अडलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा: अँड्रॉइड फोनवर मेसेज आणि मेलची नोटिफिकेशन्स पंधरा-वीस मिनिटं, कधी तासभर उशिरा येतात. फोन हातात घेऊन स्क्रीन चालू केली की सगळी एकदम धडाधड पडतात. बॅटरी सेव्हर बंद आहे, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन रीस्टार्ट केला, तरी फरक नाही. आता काय करायचं?

आधी सेटिंग्जमध्ये हात घालणं थांबवा. एका दमात दहा गोष्टी बदलल्या की दुरुस्ती झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तोच त्रास सुरू झाला की पुन्हा पहिल्यापासून शोध. उशीर कधी होतो आणि कधी होत नाही, हे दोन दिवस नीट पाहिलंत तर निम्मं निदान तिथेच होतं.

त्यासाठी नोटिफिकेशन कुठल्या वाटेने येतं ते माहीत हवं. फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप आपापल्या सर्व्हरशी सतत जोडलेलं नसतं. तसं असतं तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकली नसती. अँड्रॉइडवर सगळ्या अ‍ॅप्ससाठी मिळून एकच जोडणी उघडी असते आणि ती गूगल प्ले सर्व्हिसेस सांभाळते. तुम्हाला मेसेज आला की त्या अ‍ॅपचा सर्व्हर गूगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंग या सेवेला कळवतो, तिथून इशारा त्या एका जोडणीने फोनवर येतो, प्ले सर्व्हिसेस अ‍ॅपला जागं करते, बऱ्याचदा अ‍ॅप स्वतःच्या सर्व्हरवर जाऊन मजकूर आणतं, आणि मग नोटिफिकेशन दाखवतं. सर्व्हरने असं स्वतःहून फोनवर इशारा ढकलणं म्हणजे पुश. आयफोनवर याच जागी अ‍ॅपलची पुश सेवा असते. यातला कुठलाही सांधा अडला तरी तुम्हाला बाहेरून एकच गोष्ट दिसते: उशीर.

म्हणून पहिला प्रश्न, उशीर एकाच अ‍ॅपला होतो की सगळ्यांना? एकच अ‍ॅप रखडत असेल तर जोडणी ठीक आहे. दोष त्या अ‍ॅपच्या परवानग्यांत, त्याच्यावर लादलेल्या बॅटरीच्या बंधनांत किंवा थेट त्याच्या सर्व्हरवर. सगळी अ‍ॅप्स एकदम गप्प होऊन एकदम बोलायला लागत असतील, तर सामाईक जोडणीच तुटते आहे.

दुसरा प्रश्न चार्जरचा. फोन चार्जिंगला असताना सगळं वेळेवर येतं आणि चार्जर काढला की उशीर सुरू होतो? मग ते डोझ (अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी झोप, तिच्याबद्दल पुढे) किंवा फोन कंपनीचं बॅटरी व्यवस्थापन आहे, नेटवर्क तपासण्यात वेळ घालवू नका. तिसरा, वाय-फाय बंद करून फक्त मोबाइल डेटावर ठेवलं तर उशीर जातो का? जात असेल तर राउटर किंवा त्या जागेचं नेटवर्क दोषी.

चौथी खूण व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांना फुकटात मिळते. दुसऱ्या फोनवरून स्वतःला मेसेज पाठवा आणि पाठवणाऱ्याच्या बाजूच्या खुणा बघत बसा. एकच टिक राहिली तर मेसेज सर्व्हरवर आहे, तुमच्या फोनपर्यंत पोचलाच नाही. दोन टिक लगेच आल्या पण फोन गप्प असेल, आणि लॅपटॉपसारख्या दुसऱ्या जोडलेल्या उपकरणावर व्हॉट्सअ‍ॅप चालू नसेल, तर मेसेज फोनमध्ये आलेला आहे, फक्त दाखवला जात नाही. अशा वेळी बॅटरी आणि राउटर सोडून नोटिफिकेशनच्या सेटिंग्जकडे जा. आणि ‘कदाचित तुमच्यासाठी नवीन मेसेज आले असतील’ अशा अर्थाचं मोघम नोटिफिकेशन दिसलं, तर इशारा वेळेवर आला पण मजकूर आणायला अ‍ॅपला पार्श्वभूमीत नेट मिळालं नाही. असं दिसलं की डेटा सेव्हर आणि त्या अ‍ॅपची ‘बॅकग्राउंड डेटा’ परवानगी आधी तपासा. एक बारीक गोष्ट इथे सुटते: डेटा सेव्हरची बंधनं मीटर्ड (म्हणजे मोजून मिळणाऱ्या डेटाचं) समजल्या जाणाऱ्या वाय-फायवरही लागू होतात. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटला जोडलेला फोन ते नेटवर्क बहुधा आपोआप मीटर्ड धरतो.

डोझ म्हणजे काय आणि तो किती उशीर करतो

डोझ हा प्रकार अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. फोन चार्जरवर नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन हलत नाही, असं बराच वेळ राहिलं की सिस्टिम अ‍ॅप्सचं नेट आणि पार्श्वभूमीतली कामं थांबवते आणि मधूनमधून थोडा वेळ सगळ्यांना मोकळीक देते. मूळ अँड्रॉइडमध्ये गाढ डोझ लागल्यावर या मोकळिकींमधलं अंतर तासाभरापासून सुरू होतं आणि दुपटीने वाढत सहा तासांपर्यंत जातं. फोन कंपन्या यात आपल्या मनाने बदल करतात. अँड्रॉइड ७ पासून हलका डोझही आला. तो स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांतच लागतो, फोन खिशात हलत असला तरी.

मग डोझमध्येही काही मेसेज लगेच का येतात? कारण फायरबेसवरून पाठवताना प्राधान्य ठरवता येतं. उच्च प्राधान्याचा संदेश डोझ मोडून येतो, साधारण प्राधान्याचा पुढच्या मोकळिकीची वाट पाहतो. चॅट आणि कॉलची अ‍ॅप्स उच्च प्राधान्य वापरतात. बातम्या, खरेदी, काही मेल अ‍ॅप्स साधारण वापरतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे सकाळी फोन उचलल्यावर ऑफर्सची नोटिफिकेशन्स एकगठ्ठा आली तर त्यात बिघाड काही नाही.

खात्री करायची तर फोन चार्जरवरून काढा, स्क्रीन बंद करा आणि टेबलावर तासभर अजिबात न हलवता ठेवा. मग दुसऱ्या फोनवरून चॅटचा एक मेसेज पाठवा. एका मिनिटात आला तर डोझ नियमाप्रमाणे चाललं आहे. आला नाही, आणि फोन उचलताच आला, तर त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरीमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही फोनवर हेच ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’ या यादीत ‘डोन्ट ऑप्टिमाइझ’ म्हणून सापडेल. हे फक्त तीन-चार गरजेच्या अ‍ॅप्सना द्या. सगळ्यांना दिलंत तर संध्याकाळी बॅटरीची तक्रार घेऊन बसाल.

याच पानावर गूगल प्ले सर्व्हिसेसचीही अवस्था बघून घ्या. बॅटरी खाणाऱ्यांच्या यादीत ती वर दिसते म्हणून पुष्कळ जण तिच्यावर बंधन घालतात किंवा तिचा बॅकग्राउंड डेटा बंद करतात. सगळ्या अ‍ॅप्सची सामाईक जोडणी तिच्याकडे आहे, म्हणजे आपल्याच हाताने घराची वायर कापल्यासारखं होतं.

कंपन्यांची स्वतःची बंधनं

डोझचे नियम निदान लिहिलेले आहेत. खरी डोकेदुखी फोन कंपन्यांनी त्यावर चढवलेल्या थराची आहे, आणि ‘स्क्रीन चालू केली की सगळं येतं’ या तक्रारीमागे माझ्या मते हाच थर सगळ्यात जास्त वेळा सापडतो. मूळ अँड्रॉइडमध्ये अलीकडच्या अ‍ॅप्सच्या पडद्यावरून अ‍ॅप सरकवून टाकलं तरी त्याची नोटिफिकेशन्स येत राहतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मात्र तेवढ्यानेच अ‍ॅप सक्तीने बंद होतं, आणि सक्तीने बंद केलेल्या अ‍ॅपला ते तुम्ही स्वतः उघडेपर्यंत इशारा पोचवलाच जात नाही. ‘अ‍ॅप उघडलं की मेसेज येतात, नाहीतर नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

शाओमी, रेडमी, पोको: ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, आणि अ‍ॅपच्या बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’. दोन्ही लागतात, एकट्या दुसऱ्याने भागत नाही. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या आत ‘बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स’ आहे. तिथे ‘स्लीपिंग’ आणि ‘डीप स्लीपिंग’ अशा दोन याद्या दिसतील. दुसऱ्या यादीतलं अ‍ॅप तुम्ही उघडल्याशिवाय चालतच नाही. तुमचं अ‍ॅप तिथून काढा, ‘नेव्हर’वाल्या यादीत टाका, आणि न वापरलेली अ‍ॅप्स आपोआप झोपवणारा स्विच बंद करा; नाहीतर थोड्या दिवसांनी दुसरं कुठलं तरी अ‍ॅप त्या यादीत जाऊन बसेल. ओप्पो, रिअलमी आणि नव्या वनप्लसमध्ये अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर ‘अलाउ ऑटो लाँच’ आणि ‘अलाउ बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी’ हे दोन्ही लागतात. विवोमध्ये ऑटोस्टार्ट वेगळं आणि पार्श्वभूमीतल्या बॅटरी वापराची परवानगी वेगळी. नावं आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधात ‘ऑटो’ आणि ‘बॅकग्राउंड’ हे शब्द टाकून बघणं सोपं.

उशीर फक्त रात्रीच होत असेल तर याच कंपन्यांच्या बॅटरी विभागात ‘स्लीप स्टँडबाय ऑप्टिमायझेशन’ असं काहीतरी आहे का ते पाहा. फोनधारक झोपल्याचा अंदाज आला की ते नेट जवळपास बंदच करतं. सिस्टिमचं मोठं अपडेट झाल्यावर हे सगळं पुन्हा एकदा तपासा. काही सेटिंग्ज मूळ पदावर गेलेली आढळतात.

शिवाय अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेलं अ‍ॅप निद्रिस्त केलं जातं. त्याच्या परवानग्या जातात आणि त्याला पुश येत नाही. वर्षातून दोनदाच लागणाऱ्या, पण ऐन वेळी इशारा देणाऱ्या अ‍ॅपसाठी हे महत्त्वाचं: अ‍ॅपच्या माहितीत ‘वापर नसल्यास थांबवा’ हा पर्याय बंद ठेवा.

रॅम साफ करणारी, ‘फोन बूस्ट’ करणारी अ‍ॅप्स असतील तर काढून टाका. त्यावर चर्चा करण्यासारखं काही नाही.

जोडणी जिवंत दिसते, पण मेलेली असते

आता तो प्रकार, ज्यात फक्त एका ठरावीक वाय-फायवर सगळीच अ‍ॅप्स पाच-दहा-पंधरा मिनिटं मागे पडतात. ब्राउझर उत्तम चालतो, व्हिडिओ अडकत नाही, त्यामुळे संशय राउटरवर जातच नाही.

पुशची जोडणी बहुतेक वेळ शांत असते. तीवरून काहीच जात नसतं. राउटर प्रत्येक जोडणीची नोंद आपल्या नॅट टेबलमध्ये (कुठली जोडणी घरातल्या कुठल्या उपकरणाची, याच्या यादीत) ठेवतो आणि ठरावीक वेळ शांतता राहिली की ती पुसतो. फोनला हे कळत नाही, गूगलच्या सर्व्हरलाही नाही. दोघेही जोडणी चालू आहे असंच धरून बसतात. सर्व्हर इशारा पाठवतो, राउटरकडे नोंद नसल्याने तो तिथेच टाकला जातो. फोन अधूनमधून ‘मी आहे’ असं सांगणारा छोटासा संदेश पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. त्याला उत्तर आलं नाही की फोनला जोडणी मेल्याचं कळतं, तो नवी जोडतो, आणि अडकलेले सगळे इशारे एकदम येतात. म्हणजे राउटर पाच मिनिटांत नोंद पुसत असेल आणि हार्टबीट पंधरा मिनिटांनी जात असेल, तर मधल्या दहा मिनिटांत आलेलं सगळं रखडणार. स्क्रीन चालू केल्यावर येतं त्याचंही कारण बऱ्याचदा हेच: फोन जागा झाला की नेटवर्क तपासतो आणि मेलेली जोडणी पकडली जाते.

टीसीपीच्या (पुशची जोडणी याच प्रकारची असते) शांत जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी असं आरएफसी ५३८२ हे मानक २००८ पासून सांगतं. गूगलची नेटवर्क चालवणाऱ्यांना सूचना निदान ३० मिनिटांची आहे, आणि पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दरवाजे) ५२२८, ५२२९, ५२३० खुले हवेत. ते बंद असले तर ४४३ वरून प्रयत्न होतो. स्वस्तातले आणि जुने राउटर यातलं काहीच पाळत नाहीत.

राउटरच्या पानावर फायरवॉल किंवा नॅटच्या भागात ‘टीसीपी एस्टॅब्लिश्ड टाइमआउट’ अशी ओळ असेल तर तिथे सेकंदात ७४४० भरा. किमान १८०० च्या वर ठेवा. ओळच नसेल तर राउटरचं फर्मवेअर अपडेट करा आणि त्याच्या सुरक्षेच्या भागातली कडक फायरवॉल पातळी एक पायरी खाली आणून बघा. तरीही उशीर राहिला तर राउटर बदलणं हाच उपाय. हार्टबीट लवकर लवकर पाठवायला लावणारी अ‍ॅप्स मिळतात, पण नव्या अँड्रॉइडवर त्यांचा भरवसा नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. फोनच्या डायलरवर *#*#४२६#*#* दाबा. शेवटचा तारा उमटताच, कॉलचं बटण न दाबता, प्ले सर्व्हिसेसचं निदानाचं पान उघडतं. काही फोनवर हा कोड चालत नाही. उघडलं तर तिथे जोडणी चालू आहे की नाही, केव्हापासून आहे आणि हार्टबीटचं अंतर किती, हे दिसतं. घटनांच्या यादीत आलेले इशारे वेळेसकट असतात. जोडणी दर थोड्या मिनिटांनी तुटून जुळताना दिसली तर नेटवर्क दोषी. जोडणी तासन्‌तास टिकून आहे, इशारा यादीत वेळेवर आलेला आहे आणि नोटिफिकेशन मात्र उशिरा, तर अ‍ॅपला जागं होऊ दिलं जात नाही. कंपनीच्या बंधनांकडे परत जा. अशा वेळी राउटरवर दुपार घालवण्यात काही अर्थ नाही.

नेटवर्कचीच आणखी दोन-तीन कारणं. जाहिराती अडवणारा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) वापरत असाल तर त्याच्या यादीत एमटॉक डॉट गूगल डॉट कॉम हा पुशच्या जोडणीचा पत्ता अडलेला नाही ना, ते बघा. व्हीपीएन ‘ऑलवेज ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय जोडणी नको’ असं असेल आणि बॅटरी व्यवस्थापनाने व्हीपीएनचंच अ‍ॅप झोपवलं, तर स्क्रीन चालू होईपर्यंत फोन जगापासून तुटलेला. त्या अ‍ॅपलाही ‘अनरिस्ट्रिक्टेड’ द्या. ऑफिसच्या नेटवर्कवर प्रॉक्सी (सगळं नेट ज्याच्यामार्फत जातं असा मधला सर्व्हर) असेल तर ही जोडणी त्यातून जात नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना वरचे पोर्ट थेट खुले करायला सांगा. फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर सुरक्षित जोडणीच होत नाही. तारीख-वेळ आपोआपवर ठेवा.

आलं वेळेवर, दिसलं उशिरा

अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ आहे. ती आधी चालू करावी लागते. तिथली वेळ आणि मेसेजवरची वेळ जुळत असेल तर उशीर झालेलाच नाही. नोटिफिकेशन गुपचूप आलं आणि तुमच्या लक्षात आलं नाही. अँड्रॉइड ८ पासून एकेका अ‍ॅपच्या नोटिफिकेशन्सचे वेगवेगळे गट असतात आणि त्यातला एखादा चुकून ‘सायलेंट’ झालेला असतो. नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की ते कुठल्या गटातलं आहे ते दिसतं. वेळापत्रकाने सुरू होणारं डू नॉट डिस्टर्ब आणि बेडटाइम मोडही बघा.

ऑफिसच्या चॅटमध्ये उशीर असेल तर लॅपटॉपवर तेच अ‍ॅप उघडं आहे का? स्लॅक, टीम्स, डिस्कॉर्ड यांसारखी अ‍ॅप्स तुम्ही डेस्कटॉपवर हजर आहात असं दिसलं की फोनवर पाठवायचं थांबतात. किती वेळाने किंवा कुठल्या स्थितीत फोनवर पाठवायचं, ते त्या अ‍ॅपच्याच नोटिफिकेशन सेटिंगमध्ये ठरतं. यासाठी फोन बदललेले लोक आहेत.

मेलची गोष्ट वेगळी. मेल अ‍ॅपमध्ये खातं आयमॅप किंवा पॉपने (मेल आणण्याच्या जुन्या सर्वसाधारण पद्धतींनी) जोडलेलं असेल तर बऱ्याचदा पुश नसतोच. दर १५ किंवा ३० मिनिटांनी अ‍ॅप जाऊन मेल आणतं, आणि तेवढा उशीर अंगभूत आहे. खात्याचं स्वतःचं अ‍ॅप वापरा किंवा आणण्याचं अंतर कमी करा. जीमेलमध्ये नोटिफिकेशन ‘हाय प्रायॉरिटी ओन्ली’वर असेल तर बाकीचे मेल आवाज करणार नाहीत.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तिथे बिघडण्याच्या जागा कमी आहेत. ‘शेड्यूल्ड समरी’ आयओएस १५ पासून आहे; तीत घातलेल्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स ठरलेल्या वेळीच गठ्ठ्याने येतात. उशिराचा पहिला संशय तिच्यावर घ्या, दुसरा फोकसवर (ठरावीक वेळी नोटिफिकेशन्स गप्प करणारी सेटिंग). मेलमध्ये ‘फेच न्यू डेटा’ उघडून खात्यापुढे ‘पुश’ आहे की ‘फेच’ ते पाहा. मूळ मेल अ‍ॅपमध्ये जीमेलला ‘पुश’ मिळत नाही. अ‍ॅपल वॉच मनगटावर असेल आणि फोन लॉक असेल तर नोटिफिकेशन घड्याळावर जातं, फोन गप्प राहतो. बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश बंद असला तरी साधी दिसणारी नोटिफिकेशन्स येतात, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. एकाच वाय-फायवर त्रास असेल तर पोर्ट ५२२३ खुला आहे का बघा. तो नसेल तर ४४३ वापरला जातो.

हे सगळं तपासल्यावर एकच अ‍ॅप उरलं, चार्जरवर असतानाही आणि मोबाइल डेटावरही उशीर करणारं, तर दोष पाठवणाऱ्या बाजूचा धरा. आधी अ‍ॅपमधून लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. बॅकअपमधून नव्या फोनवर आलेल्या अ‍ॅपकडे कधी कधी जुना नोंदणी टोकन (इशारा कुठल्या फोनवर पाठवायचा ते सर्व्हरला सांगणारी खूण) राहिलेला असतो आणि लॉगइनने नवा तयार होतो. त्यानेही भागलं नाही तर अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळवा. नुसतं ‘नोटिफिकेशन उशिरा येतं’ लिहिलंत तर ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा’ असं ठरलेलं उत्तर मिळेल. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि अ‍ॅपची आवृत्ती, मेसेज पाठवल्याची आणि नोटिफिकेशन दिसल्याची वेळ तीन-चार उदाहरणांसह, फोन चार्जिंगला होता की नव्हता, नेट कुठलं होतं, आणि निदानाच्या पानावर इशारा किती वाजता दिसला, एवढं लिहा. इशारा तिथेही उशिरा दिसत असेल आणि त्याच वेळी इतर अ‍ॅप्सचे इशारे वेळेवर येत असतील, तर त्यांना प्राधान्याची सेटिंग आणि स्वतःच्या सर्व्हरवरची रांग तपासावीच लागेल.